आधी रक्त तपासा, मग काढा प्या
रोवणीचे दिवस, बांधीत पाणी अन् गावात हिवताप. आज शेजारच्या काकूंना हुडहुडी भरली. घरच्यांनी आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या पुजाऱ्यालाच बोलावलं. पुजारीकाकांनी काकूंच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पहिले आशाताईले बलवा, रगत पाहू द्या."

इतकं बरं वाटलं! बोटाला सुई, पट्टीवर थेंब, थोड्या वेळात रेघ उमटली. फॅल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा घातक प्रकार. गोळ्या तिथेच सुरू झाल्या.

त्यातलं आर्टेसुनेट हे औषध मुळात एका चिनी वनस्पतीतूनच आलेलं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातली नोंद धरली. उकळलं की गुण जायचा, म्हणून कमी तापमानावर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली नोबेल मिळालं. म्हणून झाडपाल्याशी माझं भांडण नाहीच. तपासा, मात्रा ठरवा, सिद्ध झालं तर सरकारी दवाखान्यात आणा. सर्दी-खोकल्याला आजीचा काढा मीही घेतो. पण फॅल्सिपेरम मेंदूत जायला वेळ लागत नाही. त्यात दोन दिवस मुळ्या उगाळत बसणं मला अजिबात मान्य नाही.

उद्या पुजारीकाका अन् आशाताई सोबतच टोल्यावर फिरणार आहेत. कोणाच्या घरी ताप असेल तर आजच कळवा.