दुखलं काहीच नाही, तरी ट्रोपोनिन ९६

अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसून उपमा खात होते. छातीत काही नाही, दम नाही, रात्री झोपही बरी लागलेली. तेवढ्यात मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या मोबाईलवर रक्ताचा रिपोर्ट आला होता. ट्रोपोनिन टी ९६, मर्यादा १४. आदल्या दिवशी आत नेण्याआधी हाच आकडा ९ होता. त्यानं गुपचूप गूगलला विचारलं, आणि गूगल म्हणालं हार्ट अटॅक.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा चढ मी रोज चढायचे. गेल्या दिवाळीनंतर चढावर छाती आवळायला लागली. थांबलं की दोन मिनिटांत मोकळी. टीएमटीत, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात त्या तपासणीत, दोष दिसला, मग अँजिओग्राफी. एलएडी म्हणतात त्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा. मनगटातून तार घातली, फुग्यानं वाट रुंद केली, स्टेंट म्हणजे जाळीची एक नळी बसली. फुगा फुगवताना छातीत भरून आलं, उतरवल्यावर गेलं. मला खरं जड गेलं ते नंतर मनगटावर बांधलेला हवेचा पट्टा. सिस्टर येऊन थोडी थोडी हवा काढायच्या आणि मी घड्याळाकडे बघत बसायचे.

तर तो रिपोर्ट. वॉर्डातले तरुण डॉक्टर म्हणाले, "मोठे सर राउंडला आले की बोलतील." लगेच ईसीजी मात्र काढला. पुढचे तीन तास ह्यांनी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, सुनेनं माहेरी फोन केला, माझा उपमा तसाच राहिला. माझी तक्रार एवढीच, की आकडा आधी मोबाईलवर येतो आणि समजावणारा माणूस मागाहून.

सर आले, स्वतः इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, मग खुर्ची ओढून बसले. "काकू, ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी दुखावली की रक्तात उतरतं. आताची तपासणी इतकी बारीक आहे की थोड्याशा पेशी दुखावल्या तरी कळतं."

"पण दुखावल्या कशानं?"

त्यांनी कालची चित्रफीत लावली. स्टेंट आत साचलेला थर भिंतीवर दाबतो तेव्हा त्याचे बारीक कण सुटून पुढच्या केसाएवढ्या वाहिन्यांत अडकू शकतात. फुगा फुगलेला असेपर्यंत रक्त थांबतं ते वेगळंच. कधी बाजूच्या फांदीचं तोंड दाबलं जातं. माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, बरीच वर्षं धोमच्या कालव्यावर. मी म्हटलं, "म्हणजे कालव्यातला गाळ हलवला आणि थोडा चारीत उतरला." ते हसले. मग माझी चारी, म्हणजे ती बाजूची फांदी, दाखवली. तोंडाशी जरा आखडलेली, पण वाहती.

मग हा अटॅक की नाही? याची जगभर मानली जाणारी व्याख्या २०१८ साली सुधारली गेली, तिच्यावरून त्यांनी सांगितलं. आधीचा आकडा मर्यादेत असेल तर प्रक्रियेनंतरचा मर्यादेच्या पाचपटीहून वर हवा. माझ्यासाठी ७० च्या वर, म्हणजे ती अट भरली होती. पण सोबत दुसरा पुरावा लागतो: ईसीजीत नवा बदल, इकोत हृदयाच्या भिंतीची हालचाल नव्यानं मंदावलेली, किंवा चित्रफितीत फांदी बंद पडल्यासारखा बिघाड. माझ्यात तिन्ही नव्हते. म्हणून इजा झाली, पण तिला अटॅक म्हणायचं नाही. "दुखलं नाही म्हणून मी हे म्हणत नाहीये," ते म्हणाले, "न दुखताही अटॅक येतो." ते वाक्य मला आवडलं नाही, पण त्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसला. आकडा जितका मोठा तितकी काळजी जास्त, म्हणून एक दिवस आणखी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ७१. उतरतोय म्हणाले, घरी जा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. यातल्या रक्त पातळ करणाऱ्या पहिल्या दोन गोळ्या दात काढायचा झाला तरी न विचारता थांबवायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. दीड महिन्यानं पुन्हा इको झाला, हृदय पहिल्यासारखंच.

आता विम्याच्या फॉर्मवर प्रश्न आहे: 'हृदयविकाराचा झटका आला होता का?' मुलाचं पेन तिथंच अडकलं. सरांना फोन लावला. ते म्हणाले, "'नाही' लिहा, पण अँजिओप्लास्टी लिहा आणि डिस्चार्ज कार्ड जोडा, त्यात इजेचा उल्लेख आहे." तसं लिहिलंय. कंपनीचं उत्तर अजून यायचंय.