देवरुखची आजी आणि शिलाँगची सून

टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे प्रत्यारोपणासाठी दाता आणि रुग्ण जुळतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये मला चोवीस वर्षं झाली. एखाद्या कुटुंबाच्या जांभळ्या टोपणाच्या नळ्या आल्या की मी आधी त्या ओळीने लावते: आई, वडील, मग मुलं. ही जुळणी ठरवणारी एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकींना चिकटून बसलेली असतात, म्हणून बहुतेक वेळा गठ्ठ्यानेच पुढे जातात. एक गठ्ठा आईकडून, एक बाबांकडून. सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या नळ्या आल्या. ॲप्लास्टिक ॲनिमिया: अस्थिमज्जेत पुरेसं रक्त तयारच होत नाही, म्हणून तिला जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशी हव्या होत्या. वडील देवरुखचे, आई शिलाँगची, खासी. (वय सांगत नाही, वडिलांचं गाव बदललंय.) धाकटा भाऊ जुळला नाही. रिपोर्टसाठी आलेल्या आजी खिडकीशी थांबून हळूच म्हणाल्या, "बाई, सून जातीतली केली असती तर मिळाला असता ना हो दाता?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्यात थोडं तथ्य होतं. बाबांकडून आलेला गठ्ठा, ए-३३, बी-४४, डीआर-७ या एचएलए प्रकारांचा, मी कितीतरी रिपोर्टांत पाहिलाय. आईकडचा मात्र आमच्याकडे कधीच आला नव्हता. हे दोन्ही एकत्र असलेला परका माणूस शोधायचा कुठे? मूळपेशी द्यायला तयार असलेल्यांच्या जगभरच्या याद्यांत ४ कोटींहून जास्त दाते आहेत, पण भारतातले त्यात जेमतेम काही लाख.

पण 'जातीतलं' म्हणजे तरी काय? २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी उपखंडातल्या ७३ समूहांचे डीएनए नमुने तपासले. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथे सर्रास मिसळ झाली, मग लग्नं आपापल्यातच होऊ लागली. आजींचा 'आपला' गठ्ठाही त्या मिसळीतलाच.

मी टेरासाकी ट्रेवर, म्हणजे बारीक खळग्यांच्या ताटलीवर शिकले. परदेशी सीरम घालायचं, त्याने मेलेल्या पेशी रंग घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा वाचायचा. तेव्हा रिपोर्टवर नुसतं 'ए-२' यायचं. डीएनए टायपिंग आल्यावर कळलं, त्या ए-२ मध्ये आपल्याकडे ०२:११ हा उपप्रकार वारंवार निघतो. युरोपात मुख्यतः ०२:०१. वेगवेगळे एचएलए जंतूचे वेगवेगळे तुकडे पकडून पेशीवर दाखवतात. त्या मुलीकडे दोन लांबच्या मुलखांतले होते. तिच्या शरीराची ती श्रीमंतीच. तोकडी पडली ती आपली यादी, आणि म्हणून मी भेटेल त्याला नोंदणी करायला सांगते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, बस्स.

आजी पुन्हा आल्या तेव्हा मी रिपोर्ट काउंटरवर पसरला. नातीच्या नावाखाली दोन ओळी.

"ही माझ्या मुलाकडची?"

"हो. आणि खालची सुनेकडची. आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही अर्धं जुळतंच. अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण करतात. डॉक्टरांनी आईलाच दाता ठरवलंय."

आजींनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग पिशवीतून डबा काढला. "ती खाली बसलीय. सकाळपासून काही खाल्लं नाहीये. देऊन येते."