झाकणाचं नंतर बघू

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणारा माणूस ओळखायचा कसा? त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला झाकण नसतं. पुढून सगळं झोकात असतं. जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचा नॉब, निळा एलईडी, तिरका न होता बसलेला स्विच. वरून डोकावलं की उघडा संसार. ट्रान्सफॉर्मर, दोन ढब्बू कपॅसिटर, हीट सिंकला मायकाची चकती लावून आवळलेले ट्रान्झिस्टर आणि तात्पुरती म्हणून टाकलेली एक लाल वायर, जी आता कायमची रहिवासी झाली आहे. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'झाकणाचं नंतर बघू.'

लोकांना हा आळस वाटतो. अहो, आळशी माणूस बाजारातून तयार डबा आणतो. तो रविवारच्या दुपारी पत्र्यावर कानस मारत बसत नाही. खरं म्हणजे या छंदात इलेक्ट्रॉनिक्स हाच सगळ्यात सोपा भाग. एलएम 3886 ही आयसी, म्हणजे जवळजवळ अख्खं सर्किट पोटात घेतलेली चिप, घ्या. भोवती डझन-दीड डझन सुटे भाग, प्लस-मायनस 28 व्होल्टचा पुरवठा, आणि 4 ओहमच्या स्पीकरला 68 वॉट मिळतात असं तिच्या डेटाशीटमध्येच छापलेलं आहे. सर्किट जगभरच्या लोकांनी आधीच करून, जाळून, सुधारून ठेवलंय. दोन चहा होईतो बोर्ड तयार. घोडं अडतं ते पत्र्यापाशी.

मागच्या पट्टीवर वायरीचं सॉकेट बसवायचं असतं, कॉम्प्युटरच्या मागे असतं तेच. त्याला लागतं चौकोनी भोक, आणि घरच्या ड्रिल मशीनला येतं फक्त गोल. मग पेन्सिलीने चौकोन आखायचा, रेषेच्या आतून बारीक भोकांची रांग पाडायची, मधला तुकडा पक्कडीत धरून हलवून हलवून मोडायचा आणि कानस घ्यायची. बाजूंना चपटी, कोपऱ्यांना तिकोनी. अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते कानशीच्या दातांत भरून बसतं. आधी खडू घासला की जरा कमी भरतं. तरी ब्रशने झाडत राहावं लागतंच, आणि तो चकचकीत कीस पुढे आठवडाभर घरात कुठेही सापडतो, पोह्यांतसुद्धा. शेवटी सॉकेट बसतं, एका बाजूला फट राहते आणि सॉकेटची रुंद कडा ती झाकून टाकते. ज्याने सॉकेटला ती कडा दिली त्याचं भलं होवो.

फॅब्रिकेटरकडे जाऊन पाहावं तर तो ड्रॉइंग उलटसुलट बघतो आणि विचारतो, 'एकच नग?' त्या 'एकच'मध्ये जो अपमान असतो तो वर्णन करण्यापलीकडचा. राहिला पुण्याचा जुना बाजार. बुधवारी किंवा रविवारी गेलं की बंद पडलेले डीव्हीडी प्लेअर मातीमोल भावात मिळतात. पत्रा उत्तम, रंग उत्तम, झाकणसुद्धा आयतं. फक्त त्या डब्याची उंची तीन बोटं आणि आपल्या ट्रान्सफॉर्मरची पाच. म्हणजे झाकण आहे, पण लागत नाही. ही प्रगतीच म्हणायची.

समजा डबाही मिळाला. तरी झाकण लागत नाही, कारण मग हम ऐकू येतो.

गाणं थांबल्यावर स्पीकरच्या पोटातून येणारा तो घुमारा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकक्षेत्र इनपुटच्या वायरीत घुसलं की 50 चा हम येतो. डायोडनी एसीचं डीसी केल्यावर मागे राहिलेली लहर 100 ची. कान तयार झाला की नुसत्या ऐकण्यावरून चोर कुठल्या गल्लीतला ते कळतं. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही खाली खर्जात पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या जवळ, किंचित चढे. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंची मैफल लावली तर हम तानपुऱ्यात मिसळून जातो, तक्रारीला जागा नाही. पण काळी एकवाल्या बुवांच्या मागे तोच हम तीव्र मध्यम धरून बसतो, राग कुठलाही असो. बुवा भैरवीत रंगलेत आणि आपला अ‍ॅम्प्लिफायर यमनात. न्यू जर्सीत हेच उद्योग करणारा माझा एक मित्र आहे. तिकडची वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे त्याचा हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे लोंबकळतो. बेसूर देश आहे, असं तो म्हणतो.

हमवरचे इलाज सगळे उघड्या डब्यातले. इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्या. ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक वायरी जिथे सापडेल तिथे न चिकटवता एकाच बिंदूपाशी आणा. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू ढिले करून त्याला जागच्या जागी थोडं थोडं फिरवा आणि कान स्पीकरला लावून बसा. एका विशिष्ट कोनात हम झपकन खाली जातो. तो कोन सापडल्याचा आनंद ज्याने घेतला नाही त्याला समजावून सांगणं कठीण. अडचण अशी की लोखंडी झाकण वर ठेवलं की चुंबकक्षेत्राच्या वाटा बदलतात आणि सापडलेला कोन पुन्हा हरवतो. म्हणून झाकण बाजूला. शास्त्रीय कारण आहे, पण घरात कोणी ऐकून घेत नाही.

आणखी एक शास्त्रीय कारण आहे. सुट्या ट्रान्झिस्टरांचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याला बायस लावावा लागतो. गाणं नसतानाही आउटपुटच्या जोडीतून थोडा करंट वाहता ठेवायचा, नाहीतर हळू आवाजात सूर खरबरीत लागतो. 0.22 ओहमच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावायचा आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचा छोटा फिरता रेझिस्टर, फिरवत 11 मिलिव्होल्टवर आणायचा. म्हणजे झाले 50 मिलिअँपिअर. वाचायला दोन ओळी. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर तापला की आकडा चढतो, पंखा लावला की उतरतो, आणि कोणी दार उघडलं तरी मीटरला कळतं. अर्ध्या तासाने आकडा स्थिर होतो. मग झाकण लावा, आत हवा कोंडते, आणि पुन्हा नव्याने सुरुवात. पण झाकण लावल्यावर प्रीसेटपर्यंत स्क्रूड्रायव्हर नेणार कुठून?

पहिल्यांदा वीज द्यायचा क्षण मात्र सगळ्यात भारी. अ‍ॅम्प्लिफायर थेट मेन्सला लावायचा नसतो. मधे सिरीजमध्ये 100 वॉटचा बल्ब. स्विच दाबला की बल्ब भक्कन पेटतो, कारण रिकामे कपॅसिटर भरत असतात, आणि मग हळूहळू मंद होत तांबूस तारेवर येऊन थांबतो. म्हणजे पास. तो पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण आपले ट्रान्झिस्टर वाचलेत, तो भार बल्बने अंगावर घेतलाय. इतका परोपकारी बल्ब आता मिळेनासा झालाय. एलईडीचा इथे उपयोग नाही, तारेचाच लागतो. दुकानदार म्हणतो, 'पिवळा? आता कोण वापरतं, साहेब?' आणि मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक काढतो. मी दोन घेतो. पुढच्या वेळी तो स्टुलावर चढेल याची खात्री नाही.

खरेदी हा वेगळाच अध्याय. पुण्यात पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत एक चक्कर, मुंबईत काम निघालं तर लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाही आपल्याकडे नवखा म्हणून बघतो. काउंटरवर आपण यादी वाचतो, '4700 एमएफडी, 50 व्होल्ट, चार. शंभर केचा पॉट, डबल, लॉग.' लॉग म्हणताच समोरचा मुलगा थबकतो. पॉट म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर, लॉग म्हणजे लॉगरिदमिक. आवाजाच्या नॉबला लॉगच लागतो, कारण कानाचं गणित सरळ रेषेत चालत नाही. लिनियर लावला तर पहिल्या पाव वळशात शेजारी जागे होतात आणि उरलेला पाऊण वळसा शोभेचा. अंगावर छापलेलं ए अक्षर लॉगचं, बी लिनियरचं. मुलगा बी 100 के पुढे सरकवतो आणि म्हणतो, 'सगळे हाच नेतात.' सगळ्या महाराष्ट्रात आवाज पहिल्या पाव वळशातच का वाढतो, हे त्या दिवशी उलगडतं.

मग आउटपुट ट्रान्झिस्टर. तोशिबाची 2एससी 5200 आणि 2एसए 1943 ही जोडी म्हणजे या धंद्यातले जय-विजय. 230 व्होल्ट, 15 अँपिअर. त्यांच्या नकला इतक्या की अस्सल माल हाच संशयास्पद वाटायला लागतो. एका दुकानात विचारलं, 'ओरिजनल आहे ना?' उत्तर आलं, 'ओरिजनलसारखाच आहे.' या प्रामाणिकपणावर काय बोलणार? नकली फोडून पाहिला तर आत सिलिकॉनचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. बाहेरचा काळा देह मात्र तोच, छपाई तर अस्सलपेक्षा ठसठशीत. वॉटची कथा तर त्याहून मोठी. 4440 ही आयसी रिक्षांत वर्षानुवर्षं वाजते आहे. दोन्ही चॅनल ब्रिजमध्ये, म्हणजे मिळून एकाच स्पीकरला, जोडले तर कंपनीच्या कागदावर ती 19 वॉटची. तिचाच बोर्ड बाजारात 'शंभर वॉट' म्हणून मिळतो. पीएमपीओ नावाचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॉटचा, फुगवलेला आकडा छापायची प्रथा होती तेव्हा 12 वॉटच्या अडॅप्टरवर चालणारे स्पीकर हजार वॉटचे असायचे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खोक्यावर छापत नाहीत, एवढंच.

घरच्यांचं म्हणणं या सगळ्याशी काटकोनात असतं. बायको आवाजाबद्दल चकार शब्द काढत नाही. 'अहो, ते उघडं आहे तोवर तिथली धूळ मी पुसणार नाही,' एवढं सांगून ती मोकळी. कामाच्या मावशी लांबूनच विचारतात, 'दादा, ह्याला हात लावला तर बसतो का?' बसतो, 230 व्होल्टचा, म्हणून तिथे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा टाकलाय. पण त्याला झाकण म्हणायला मी तयार नाही. आई एकच विचारते, 'ह्याच्यावर विविधभारती लागतं का?' लागत नाही म्हटल्यावर तिचा रस संपतो. तिने मात्र एकदा क्रोशाचा रुमाल विणून आणला होता, पूर्वी व्हॉल्व्हच्या रेडिओवर असायचा तसा, कोपऱ्यांना मोती लावून. हवा कोंडेल म्हणून तो मी स्पीकरवर घातला. तेव्हापासून आमच्या डाव्या स्पीकरचा वरचा सूर किंचित मऊ लागतो, आणि आईदेखत तो काढायची माझी छाती नाही.

मे महिन्यात छंदाची खरी कसोटी लागते, विशेषतः क्लास ए, म्हणजे आउटपुटमधून सतत भरपूर करंट वाहता ठेवणारा प्रकार, असेल तर. जॉन लिन्स्ली हूड या इंग्रज गृहस्थांनी एप्रिल 1969 च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात 10 वॉटचं एक साधं सर्किट छापलं. एका चॅनलला चार ट्रान्झिस्टर, बस. अजून लोक ते जोडतात, कारण आवाज खरोखर गोड आहे. डग्ग्यावरची घसट इतकी जिवंत दुसरीकडे मी तरी ऐकलेली नाही. पण 10 वॉट आवाजासाठी तो त्याच्या तिप्पट वीज उष्णतेत घालवतो, गाणं वाजो न वाजो. इंग्लंडच्या थंडीत हे ठीक. पुण्याच्या दुपारी माणूस घाम पुसत बागेश्री ऐकतो आणि पंख्याच्या घरघरीत ती डग्ग्यावरची घसट विरून जाते.

याला पर्याय आहे, आणि तोच मला खुपतो. टीपीए 3116 नावाच्या क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या, चिपचा तळहातावर मावणारा बोर्ड काही शे रुपयांत घरपोच येतो. 21 व्होल्टवर 4 ओहमला दोन चॅनलचे पन्नास-पन्नास वॉट, गरम होणं जेमतेम, लॅपटॉपचा पुरवठा जोडला की हमचं नावही नाही. वाजतोही चांगला. हाच त्याचा दोष. फिरवायला ट्रान्सफॉर्मर नाही, लावायला बायस नाही, पेटवायला बल्ब नाही. पाच वायरी जोडल्या की उरते ती नुसती संध्याकाळ, आणि मग गाणंच ऐकत बसावं लागतं.

दुसऱ्यासाठी बनवताना मात्र झाकण लागतंच. नाशिकच्या मेहुण्याला एक करून दिला. काळा रंग, चार स्क्रू, रबरी पाय, सगळं साग्रसंगीत. चार दिवसांत फोन. 'भावजी, घूं येतंय.' टीव्ही जोडलाय का विचारलं. जोडला होता, आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर. त्या वायरीच्या जाळीतून दुसरं ग्राउंड आत येतं, आपलं ग्राउंड अर्थिंगच्या पिनमधून, आणि दोघांच्या मधे 50 हर्ट्झ गोल गोल फिरत बसतात. म्हटलं, काही उघडू नकोस, फक्त केबलची वायर काढून बघ. त्याने काढली. घूं बंद. मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, 'पण भावजी, आतले ते दोन निळे डबे कसले?'

'तुला कसे दिसले?'

'सहज उघडून बघितलं. आधीच. प्लग काढून हं.' जरा थांबून म्हणाला, 'आणि सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची घेऊ का 35 ची?'