जवारी

आज मिरजेला जाऊन तंबोऱ्याची जवारी काढून (म्हणजे नाद नीट लावून) आणली. 'जवारीदार आवाज' असं आपण गायकांबद्दल सर्रास म्हणतो, पण जवारी, म्हणजे तारेच्या नादातला भरीव गुंजारव, मुळात घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, असते. भोपळ्याच्या तबलीवरच्या (लाकडी झाकणावरच्या) घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते आणि वरचे स्वर उमलतात. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवतात, तो केसभर मागेपुढे झाला की सगळं बिघडतं किंवा जमतं!

कारागीर काका कानसीने दोन-तीनदा घासायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा उतरवायचे. मशीन वगैरे काही नाही, सगळा भरवसा कानावर. मधेच म्हणाले, "खर्जातला गंधार ऐकू येतोय का बघा." आला! ती खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार लावलेली षड्जात (सा), तरी आत स्पष्ट गंधार (ग). याला स्वयंभू गंधार म्हणतात. (भौतिकशास्त्रात हाच पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. शाळेत असं वाजवून दाखवलं असतं तर मी तो विषय सोडला नसता.)

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले आणि वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः जाणायचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

ॲपवरचा तंबोरा सोयीचा आहे, प्रवासात मीही लावते. पण रियाजाला हाच. उद्या सकाळी शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.