कॅल्शियमची डबी

"काका, शीट नको, गोळ्या काढून ह्यात भरून द्या." कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी डबी त्याने काउंटरवर ठेवली तेव्हाच मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण समोर लग्न ठरलेला पोरगा, घरात पाहुण्यांचा राबता, म्हणलं जाऊदे, आणि तिथेच उभं राहून एकेक गोळी टचटच काढून दिली. खरंतर हे चुकीचंच. शीटमधून काढलेल्या गोळीवर ना नाव ना एक्स्पायरी, वर दमट हवा. हे सगळं मला माहिती असून दिली.

एस्टी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे, 19 वर्षं झाली. हा पोरगा कॉलेजात असल्यापासून गिऱ्हाईक. फिट यायच्या, मग शहरातल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी लेव्हेटिरासेटाम 500 सुरू केली, सकाळी एक रात्री एक, त्यानंतर अडीच वर्षं एकही फिट नाही. महिन्याच्या साठ गोळ्या एकदम न्यायचा. लग्न झालं आणि डबीत दहाच गोळ्या भरून न्यायला लागला, म्हणजे पाच दिवसांच्या. मला वाटलं पैशाची ओढाताण असेल. विचारलं नाही.

तर त्या दिवशी दुपारी, दोन-अडीचला गर्दी नसते तेव्हा, त्याची बायको आली. एकटीच. मी लग्नात बघितली होती म्हणून ओळखली, तिने मला ओळखलं नाही. पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली, आत एक लांबट गोळी. "काका, ही कशाची आहे? डबीवर कॅल्शियम लिहिलंय पण माझी आई कॅल्शियम घेते, ती अशी नसते."

काय सांगणार? गोळी हातात घेऊन उलटीपालटी करत बसलो उगाच. एकाचा आजार दुसऱ्याला सांगायचा नाही, मग ती बायको का असेना. म्हणलं ताई, नुसती गोळी बघून खात्रीने सांगता येत नाही, ज्यांची आहे त्यांनाच विचारा. तिने कागदावर नंबर लिहून दिला, "कळलं तर फोन करा," आणि गेली. माझं खोटं तिला कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

संध्याकाळी सातला तो आला, डोकं दुखतंय म्हणून क्रोसिन मागायला. मी सांगून टाकलं, वहिनी आल्या होत्या गोळी घेऊन. मटकन स्टुलावरच बसला. मग हळूहळू एकेक निघालं. बारा दिवस गोळी बंद होती. मी म्हणलं विसरलास का, तर म्हणे विसरायचं कसं काका, रोज बाथरूमचा नळ सोडून गोळी गिळतो, तिला शीटचा आवाज येऊ नये म्हणून तुमच्याकडून डबी भरून घेतो, हे विसरण्यासारखं आहे का. गोळी घेतली की आठवतं आपण पेशंट आहोत. नाही घेतली तर दिवसभर आपण इतरांसारखेच. आणि अडीच वर्षांत काही झालं नाही म्हणजे बरा झालो असेन, बघू तरी म्हणून थांबवली. वर गोळीने चिडचिड होते, बायकोवर खेकसतो, ते वेगळंच. ही चिडचिड खरी असते बरं का, ह्या औषधाने काहींना होते, पण ते डॉक्टरला सांगितलं तर डोस नाहीतर औषध बदलून देतात. ह्याने डॉक्टरला सांगितलंच नव्हतं, "सगळं ओके" म्हणून यायचा.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच. मिरगीवरून लग्न मोडता येतं असं कुणीतरी डोक्यात घातलेलं. म्हणलं अरे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तसा शब्द होता, 1999 ला काढून टाकला, आता लपवण्यावरून काय भानगड होते ते वकिलाला विचार, पण नुसता आजार आहे म्हणून…

वाक्य पुरं झालंच नाही. त्याची नजर एका जागी थिजली आणि स्टुलावरून खाली.

मग नेहमीचं. एकाने चप्पल काढली, वडापाववाला कांदा घेऊन पळत आला, तिसरा तोंडात चमचा घाला म्हणून ओरडतोय. मी सगळ्यांना ढकललं, डोक्याखाली कापसाचं बंडल सरकवलं, हातपाय दाबू दिले नाहीत, आणि घड्याळाकडे बघत बसलो. पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. दीड मिनिटात थांबली, मग त्याला कुशीवर वळवला. दीड मिनिट काय असतं ते त्या दिवशी कळलं.

दुपारचा कागद गल्ल्यातच होता. फोन केला, नवऱ्याला बरं वाटत नाहीये, या एवढंच म्हणलं. ती आली तेव्हा तो शुद्धीवर येत होता, पँट ओली, डोळे तारवटलेले. तिच्याकडे बघून पहिलं काय बोलला तर "मला फिट येते." बस.

ती खाली त्याच्याजवळ बसली आणि रडायला लागली. मला वाटलं झालं, आता माहेरी फोन जातोय. तर ती म्हणते, "एवढंच? अहो मला वाटलं तुम्हाला एड्स आहे. दोन महिने मी टॉवेल वेगळा वापरतेय, साबण वेगळा ठेवलाय."

तो बघतच राहिला. मी कापसाचं बंडल उचलायचं निमित्त करून आत गेलो.

डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी रात्रीपासूनच गोळी परत सुरू करायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. चिडचिडीचं पहिल्यांदा तिनेच सांगितलं म्हणे.

आता महिन्याच्या गोळ्या तीच नेते, शीटसकट. रात्री नऊचा अलार्म तिच्या मोबाईलवर आहे. तो एकटा आला की मात्र अजून इकडेतिकडे बघतो, गिऱ्हाईक असलं तर आधी टूथपेस्ट मागतो. माझ्याकडे त्याने विकत घेतलेल्या टूथपेस्टचा हिशोब केला तर अख्ख्या गल्लीचे दात घासून होतील.