सात पायऱ्या

सोलापूर, मंगळवार, रात्री उशिरा

लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कोडमध्ये मी एक बदल पाठवला होता; तो तपासणाऱ्या मॅडमचा शेरा एका ओळीचा आहे आणि तो सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही: "ज्या मशिनवर उजेडाच्या पायऱ्याच सात आहेत, तिथे काय होईल?" चार रात्री जागून शोधलेल्या चुकीबद्दल बरावाईट एक शब्दही नाही.

चूक मी खरोखरच शोधली होती. माझ्या लॅपटॉपचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, 0 ते 937 असे आकडे घेतो, आणि ब्राइटनेसची कळ दाबली की आमचा ड्रायव्हर, म्हणजे तो दिवा चालवणारा प्रोग्रॅम, त्या आकड्याचे आधी टक्के करतो, त्यांत पाच मिळवतो आणि पुन्हा आकडा करतो. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो, म्हणून 5 टक्क्यांचे 46.85 न होता 46 होतात आणि ते 46 परत वाचले की चारच टक्के हाती लागतात. शून्यावरून तीनदा कळ दाबून 15 वर पोहोचायचे, तर मी 12 वरच असायचो. काका प्रत्येक बिलावर वरचे पैसे सोडून देतात, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे गिऱ्हाईक खूश होत नाही. मी जवळचा पूर्णांक घेणारा भागाकार घातला, 47 चे बरोबर 5 झाले आणि मोठ्या समाधानाने बदल पाठवून दिला.

कौतुक नको होते, असे म्हणणे खोटे ठरेल. बाबा असते तर त्यांना निदान... असो.

दुपारी जेवणानंतर, पंख्याखालीही अंगाची लाही होत असताना, मी कागदावर सात मांडले. पूर्ण उजेडावरून पाच टक्के कमी केले, तर सातचे 95 टक्के म्हणजे 6.65, जवळचा पूर्णांक पुन्हा सात. कळ कितीही दाबा, उजेड जागचा हलणार नाही, ना वर ना खाली. जुन्या कोडमध्ये निदान खाली तरी उतरता येत होते! एकेक पायरी उतरत शून्यावर जायचे आणि मग वर येण्याची वाट बंद, कारण सातचे 5 टक्के म्हणजे 0.35, अपूर्णांक गळला की पुन्हा शून्यच. हे वाक्य लिहिता लिहिताच मला काकांचा लॅपटॉप आठवला.

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली असताना बॅटरी वाचवावी म्हणून काकांनी उजेड कमी केला, पडदा काळा झाला आणि "मेला" म्हणून त्यांनी तो चादरीत गुंडाळून ठेवून दिला. फर्मवेअरच, म्हणजे मशिनमध्ये कंपनीने भरून दिलेला प्रोग्रॅमच, तसले आहे, असे त्यांना छातीठोकपणे सांगणारा मीच होतो. मॅडमनी दुखावले म्हणून सकाळपासून कुढत होतो. खरे तर बोचत होते ते हे, की सात पायऱ्यांचे मशीन घरातलेच होते.

संध्याकाळी साखर पेठेत गेलो. लॅपटॉप चालू करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरला, तर काळ्या पडद्यात सुताच्या हिशेबाचे आकडे पुसटसे, पण जागच्या जागी दिसत होते. चित्र शाबूत होते, मागचा दिवा तेवढा विझलेला. फर्मवेअरने पायऱ्यांची यादीही चोख दिली होती: दहा आकडे, त्यांतले पहिले दोन विजेवर आणि बॅटरीवर चालतानाचे नेहमीचे, उरलेले आठ म्हणजे शून्य ते सात.

टक्के मी काढूनच टाकले. आता कळ थेट आकड्यात चालते, पाऊल निदान एकाचे असते आणि कळीने शून्यावर जाता येत नाही, कारण पडदा बंद करणे हे वेगळे काम आहे. पडदा उजळला तेव्हा काका चष्मा पुसत म्हणाले, "मग मी वर्षभर सगळ्या कारखान्यात त्या फर्मवेअरला नावं ठेवली, त्याचं काय करायचं की?"

मॅडमना उत्तर मीही एका ओळीचेच पाठवले: "सात पायऱ्यांवर कळ हलत नव्हती, आता हलते." कोणाच्या लॅपटॉपवर पाहिले, ते लिहिले नाही.