धाकट्याचा हम: चोर व्हॉल्व्हमध्ये नव्हताच

धाकटा, म्हणजे माझा ५ वॅटचा छोटा व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) गिटार अँप, गप्प झाला, मंडळी! त्याचा हम, म्हणजे काही न वाजवताही येणारी सततची घरघर, अखेर गेला. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, इनपुट रिकामं, स्पीकरच्या जाळीला कान लावला तरी नुसती बारीक सळसळ. मागच्या नोंदीत गाडी फिल्टर कपॅसिटरपाशी (डीसी सप्लाय सपाट करणारे) अडकली होती, तिथूनच पुढे सांगतो.

जुने २२ मायक्रोफॅरडचे काढून ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे बसवले आणि हमचा सूरच बदलला. आधीचा हम सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी स्वराच्या (९८ हर्ट्झ) अगदी किंचित वर बसायचा. तो १०० हर्ट्झ, म्हणजे ५० हर्ट्झच्या मेन्सचा एसी फुल वेव्ह रेक्टिफायरने डीसी केल्यावर उरणारा चढउतार (रिपल). कपॅसिटर बदलल्यावर तो गेला, पण त्याच्याखाली दडलेला एक सप्तक खालचा सूर उघडा पडला: ५० हर्ट्झ. त्यामुळे कुठल्याही हमवाल्या अँपला हात लावण्याआधी गिटार घेऊन हमचा स्वर शोधा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. १०० असेल तर सप्लाय बघा. ५० असेल तर हीटर, ग्राउंड किंवा आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र.

हीटरपासून, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेपासून, सुरुवात केली. ६.३ व्होल्टच्या तारा घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून नेल्या. दोन्ही तारांवरून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर घेऊन कृत्रिम सेंटर टॅप केला आणि तो ग्राउंडऐवजी ईएल८४ च्या (आउटपुटचा व्हॉल्व्ह) कॅथोडला जोडला, म्हणजे हीटर साधारण १० व्होल्ट वर उचलला जातो. फरक पडला, पण थोडाच. मग ईसीसी८३ (प्रीअँपचा व्हॉल्व्ह) काढला. हम तसाच, म्हणजे प्रीअँप संशयातून सुटला. इनपुट जॅक, ग्रिडची वायर, स्टार ग्राउंड, ज्यांच्यावर मी सगळा संशय धरला होता, ते सगळे निर्दोष.

शेवटी ईएल८४ पण काढला. दोन्ही व्हॉल्व्ह टेबलावर, आणि स्पीकर अजून गुणगुणतोय!

(लोड नसला की बी प्लस, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा उंच डीसी व्होल्टेज, बराच वर चढतो. माझे कपॅसिटर नवे आणि ४५० व्होल्टचे होते म्हणून हे केलं. जुन्या कपॅसिटरवर करू नका. आणि हात घालण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मल्टिमीटरने तपासायचे, दर वेळी.)

व्हॉल्व्हच नाही तर स्पीकरपर्यंत करंट येतो कुठून? वाट एकच उरते: मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) शिरतंय. चॅसी छोटी, दोघे शेजारी, दोघांचे कोअर एकाच दिशेला. स्वस्त अँपमध्ये ही मांडणी नेहमी दिसते, कारण भोकं पाडायला सोपी पडते. पुश-पुलमध्ये (आउटपुटचे व्हॉल्व्ह जोडीने, उलटसुलट काम करतात ती रचना) सप्लायचा बराचसा हम आपोआप कटतो, त्यामुळे तिथले कितीतरी उपाय सिंगल-एन्डेडला (धाकट्यासारखा एकच आउटपुट व्हॉल्व्ह) लागू पडत नाहीत. पण हे प्रकरण सप्लायचंही नव्हतं.

यावर जुन्या रेडिओवाल्यांची एक युक्ती आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून पूर्ण सोडवायचा, प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या) तारांना टेप लावायची, सेकंडरीला (स्पीकरकडच्या बाजूला) साधा हेडफोन जोडायचा. मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून दुसरा चॅसीवर हळूहळू फिरवत राहायचं. हम वाढतो, कमी होतो, आणि एका जागी अचानक नाहीसा होतो. माझी ती जागा बरोबर ९० अंशांवर नव्हती, थोडी तिरकी निघाली, बहुतेक पोलादी चॅसी क्षेत्र वाकवते म्हणून. तिथे पेन्सिलने खूण केली, अॅल्युमिनियमची एल-पट्टी वाकवली आणि ट्रान्सफॉर्मर त्याच कोनात बसवला. व्हॉल्व्ह लावून चालू केल्यावर जी शांतता ऐकली, तिच्यासाठी मी वाटेल तेवढे रविवार देईन.

जाता जाता एक गोष्ट कळकळीने सांगतो. हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. आत ३०० व्होल्ट आणि हातात धातूच्या तारा असताना हे जिवावर बेतू शकतं. ग्राउंड लूप असेल तर तो शोधा, पिन तशीच राहू द्या.

माझ्या लाल स्ट्रॅट कॉपी गिटारचंही थोडं. कॅव्हिटीत (आतल्या पोकळीत) तांब्याची फॉइल लावून झाली. चरचर गेली, ५० हर्ट्झ थोडा उरला, आणि तो उरणारच, कारण फॉइल चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आहे, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे तो शेजारच्या पिकअपसोबत वाजतो, गिटार एकदम शांत. ते दोनच टोन काल रात्रभर वाजवत बसलो.

पुढे टोन स्टॅक (बास-ट्रेबलचं सर्किट) करायचा, असं ठरलं होतं. ते आता मागे टाकतोय. पट्टी बसवताना लक्षात आलं की मोठ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जागा झाली आहे. बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळ एक काका वाइंडिंग करून देतात. त्यांना प्रायमरी ५.२ किलोओहम, सेकंडरी ८ ओहम असं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "सिंगल-एन्डेड आहे का? मग गॅप ठेवावी लागेल." असा माणूस मिळाला की दुसरीकडे जायचं नाही. ईएल८४ चा सुमारे ४८ मिलिअँपिअर डीसी सतत प्रायमरीतून वाहतो. कोअरमध्ये गॅप नसेल तर तो सॅच्युरेट होतो आणि बास आधी मरतो. लॅमिंग्टन रोडला तयार मिळणारे बहुतेक पुश-पुलचे असतात, ते इथे चालत नाहीत.

आणि हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. १५ वॅटचा जुना अँप शोधायचा विचार होता, तो कशाला? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती आवाज) ३ डीबीने वाढली की वॅट दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो. आठ इंचीऐवजी चांगला बारा इंची लावला तर याच ५ वॅटमध्ये काम होईल. जुन्या बाजारात रविवारी पीएचे रिकामे खोके दिसतात. एक आणून त्याची पाठ अर्धी उघडी ठेवतो. म्हणजे काकांना आता ४, ८ आणि १६ ओहम असे तिन्ही टॅप सांगावे लागतील. ईएल८४ साठी कुणी असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला असेल तर कोअरचं माप आणि गॅप किती ठेवली ते कळवा, ऑर्डर देण्याआधी मला ते हवंय.